मुंबईहून नाशिक: जुने मित्र आणि वाइनचे मळे, एकाच सहलीत नीट कसे जमवायचे

मुंबईकरांची नाशिक सहल बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बिघडते. आधी वायनरीचं बुकिंग होतं, मग हॉटेल, मग गाडी, आणि निघायच्या आदल्या रात्री मित्राला मेसेज जातो, "उद्या नाशकात आहे रे, भेटूया." शनिवारी दिवसभर मळ्यात फिरून, दमून, रात्री साडेनऊला मित्राच्या घरी पोचायचं. तोवर त्यांची जेवणं झालेली असतात, मुलं झोपलेली असतात. अर्धा तास चहा, दोन फोटो, "पुढच्या वेळी निवांत येतो." वर्षानुवर्षांनी भेटणाऱ्या माणसांच्या वाट्याला सहलीतला उरलासुरला वेळ येतो.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी माणसं, मग तारीख, मग मळा, मग गाडी. दोन दिवस आणि एक मुक्काम असं गृहीत धरलं आहे. दिवस वाढवता आले तर उत्तमच, क्रम मात्र हाच ठेवा.

## टप्पा १: पहिला फोन मित्राला

निदान महिनाभर आधी फोन करा. मेसेजवर "हो हो, नक्की ये" एवढंच उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. फोनवर पुढच्या गोष्टी मोकळेपणाने विचारून घ्या.

घरी कोण कोण आहे? वयस्कर आईवडील असतील तर रात्रीची बैठक त्यांना जड जाते, तिथे दुपारचं जेवण ठरवा. मुलं दहावी-बारावीत आहेत का? हा प्रश्न हमखास राहतो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, बोर्डाच्या परीक्षा असतात. मित्र संकोचापोटी "नको येऊ" म्हणणार नाही. तुम्हीच विचारायला हवं.

मित्र स्वतः द्राक्षबागायतदार असेल तर जानेवारी ते मार्च हा त्याच्या वर्षाच्या कमाईचा काळ. मजूर, व्यापारी, काढणी, त्यात अवकाळी पाऊस आणि गारपिटीची टांगती तलवार. अशा वेळी त्याच्याकडे मुक्कामाची अपेक्षा धरू नका. सकाळी तासभर बागेत जाऊन भेटा आणि निघा. निवांत गप्पांसाठी पावसाळ्यातला एखादा रविवार बरा.

वाइनचा विषयही याच फोनवर काढा. घरी चालते का, वहिनींना आवडेल का, मित्राला स्वतःला मळ्यात यायचं आहे का? अनेक घरांत दारूची बाटली उंबऱ्याच्या आत येत नाही, मग ती वाइनची का असेना. ते आधी कळलं तर कोणाचीच अडचण होत नाही.

नाशकात तीन-चार जुने मित्र असतील तर सगळ्यांना एका घरी जमवा. घरोघरी जाण्याने चार ठिकाणी चहा-पोहे होतात आणि गप्पा कुठेच रंगत नाहीत. ज्या घरी जमायचं तिथली बाई संध्याकाळभर ओट्यापाशी उभी राहणार असेल तर त्या भेटीला अर्थ नाही. ती तुमची वहिनी असेल, कदाचित कॉलेजातली मैत्रीणही असेल. गप्पांत तिलाही बसायचं आहे. जेवण बाहेरून मागवू, हे फोनवरच ठरवा आणि पैसे तुम्ही द्या.

तपासा: भेटीचा दिवस, वेळ आणि घराचा नेमका पत्ता हाती आला का? तो येईपर्यंत वायनरी किंवा हॉटेल बुक करू नका.

## टप्पा २: महिना आणि वार

वेलीवर घड पाहायचे असतील तर जानेवारी ते मार्चची सुरुवात हाच काळ. वाइनच्या द्राक्षांची काढणी आणि पायाने द्राक्षं तुडवण्याचे कार्यक्रम याच दिवसांत होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि बागा उघड्या-बोडक्या दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की नवी फूट येते, पण फळ धरायला वेळ असतो. पावसाळ्यात सगळीकडे हिरवंगार असतं, इगतपुरीचे डोंगर बघण्यासारखे असतात, द्राक्षं मात्र नसतात. जुलैत जाऊन "द्राक्षं कुठे आहेत?" असं विचारणारे बरेच भेटतात. वायनरीतल्या टाक्या, तळघर आणि टेस्टिंग वर्षभर पाहता येतं, तेव्हा पावसाळा बाद समजू नका. काय दिसेल ते ठाऊक असलं म्हणजे झालं.

वार शक्यतो शुक्रवार-शनिवार घ्या. नोकरीमुळे शनिवार-रविवारच जमणार असेल तर मळ्यातली सकाळची पहिली फेरी गाठा. दुपारनंतर मोठ्या वायनरींत इतकी गर्दी होते की माहिती देणाऱ्याचा आवाजही नीट ऐकू येत नाही.

सावधान: २६ जानेवारीला ड्राय डे असतो. तो जोडून आलेला मोठा शनिवार-रविवार बघून सगळी मुंबई नाशिकला निघते, आणि नेमक्या त्या दिवशी टेस्टिंग बंद असतं. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरचंही तेच. मतदानाच्या आणि मतमोजणीच्या दिवसांत स्थानिक आदेश निघतात. तारीख ठरली की वायनरीला फोन करून "त्या दिवशी टेस्टिंग आहे ना?" एवढं विचारा.

२०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे रस्ते भाविकांसाठी असतील. तेव्हा ही सहल काढू नका.

## टप्पा ३: मित्राच्या घरावरून मळा निवडा

लोक प्रसिद्ध नाव आधी निवडतात आणि मित्राचं घर त्यात बसवायला बघतात. नाशिक आता लहान राहिलेलं नाही. शिवाय वायनरी एका जागी नाहीत, चार दिशांना आहेत. नकाशा समोर ठेवा आणि मित्राच्या घराभोवती बोट फिरवा.

गंगापूर रोड, कॉलेज रोड, सातपूर. इथे मित्र असेल तर काम सोपं. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, तिच्या जवळच यॉर्क आणि पुढे गंगावऱ्हे परिसरात सोमा. यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे, त्यामुळे वेगळेपणा हवा असेल तर दोन्हींवर वेळ घालवण्याऐवजी दुसरी वायनरी वेगळ्या घराण्याची निवडा. सुलाला गर्दी भरपूर, सोयी भरपूर. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी ती चांगली आहे, कारण फेरीत प्रक्रिया नीट समजावून सांगतात.

नाशिकरोड, देवळाली, उपनगर. नोटांच्या प्रेसमध्ये किंवा लष्करी भागात नोकरी केलेली मंडळी बहुधा इकडे राहतात. इथून गंगापूर बाजूचे मळे वीसेक किलोमीटरवर, तेही शहर ओलांडून. मळा आणि भेट एकाच दुपारी बसवू नका. एक दिवस माणसांना, एक दिवस मळ्याला.

ओझर, पिंपळगाव, निफाड. एचएएलमधले, म्हणजे विमान कारखान्यातले, मित्र ओझरला असतात. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला रेव्हेलो आहे आणि विंचूरला वाइन पार्क. हा खरा द्राक्षांचा मुलूख. दोन्ही बाजूंना मांडवच मांडव दिसतात, त्यातले बरेचसे खायच्या द्राक्षांचे. इथल्या लहान वायनरी पर्यटकांसाठी रोज उघड्या असतातच असं नाही. आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका.

दिंडोरी. शांदोंची वायनरी या तालुक्यात आहे. थेट गेटवर जाऊन उभं राहू नका, आगाऊ परवानगी घेऊनच जा.

इगतपुरी, घोटी. व्हॅलोने आणि संजेगावची ग्रोव्हर झांपा ही दोन ठिकाणं मुंबईच्या वाटेवर आहेत. कुणाचाही मित्र नाशिकच्या कोणत्याही टोकाला असो, या वायनरी येता-जाता घेता येतात. गर्दी कमी, वेळ देऊन बोलतात. वाइन समजून घ्यायची खरी इच्छा असेल त्याला मी इथेच पाठवतो.

दिवसाला एक वायनरी पुरे, फार तर दोन. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ थकलेली असते आणि सगळ्या वाइन सारख्याच लागतात.

तपासा: मित्राच्या घरापासून मळ्यापर्यंतचं अंतर शनिवारच्या दुपारच्या वेळेचं बघितलं का? रात्री अकराला नकाशा उघडून पाहिलेली वेळ खोटी ठरते.

## टप्पा ४: जायचं कसं

रेल्वेने जाणाऱ्यांची नेहमीची चूक पंचवटी एक्स्प्रेसबाबत होते. ती नाशिककरांच्या सोयीची गाडी आहे. सकाळी नाशिकरोडहून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जायला ती छान, पण रविवारी संध्याकाळी परतायला तिचा उपयोग नाही. परतीसाठी साईनगर शिर्डीहून येणारी वंदे भारत बघा. तीच गाडी सकाळी लवकर सीएसएमटीहून सुटून दादर, ठाणे घेत नऊच्या सुमारास नाशिकरोडला पोचते. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, हंगामातल्या शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात. जाण्याचं आणि परतीचं तिकीट एकाच वेळी काढा.

नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे. स्टेशनपासून मध्यवर्ती भाग आठ-दहा किलोमीटर आहे. एसटीने गेलात तर बहुतेक गाड्या मुंबई नाक्याजवळच्या महामार्ग स्थानकावर सोडतात, शहरात उतरण्यासाठी ते सोयीचं.

स्वतःच्या गाडीने अंतर साधारण १७० ते १८० किलोमीटर. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळच्या आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आहे, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. मात्र माजिवडा ते भिवंडी बायपासची कोंडी त्याने सुटत नाही, कारण आमण्यापर्यंत पोचायला तोच रस्ता आहे. सकाळी सहाच्या आत ठाणे सोडा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. बाइकवरून जाणाऱ्यांनी जुना घाटच धरायचा. महामार्गावर चढण्याआधी पेट्रोल भरून घ्या आणि नाश्ताही उरकून घ्या.

## टप्पा ५: गाडी कोण चालवणार, हे घरून निघताना ठरवा

यावर मी अडून बसतो. "दोन घोटांनी काय होतंय" हे वाक्य टेस्टिंगच्या टेबलावर दर वेळी कोणीतरी म्हणतंच. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एका टेस्टिंगमध्ये चार ते सहा वाइन, प्रत्येकी अदमासे ३० मिलिलिटर. म्हणजे एक भरलेला ग्लास पोटात गेलेला असतो, तोही उन्हात. गंगापूरच्या बाजूचे रस्ते रात्री अंधारे आहेत, त्यांवर ट्रॅक्टर चालतात आणि गुरं बसलेली असतात.

दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणं सगळ्यांत बरं. चार-पाच जणांत खर्च वाटला जातो. शहरातून मळ्यापर्यंत ॲपवरची गाडी मिळून जाते, पण संध्याकाळी मळ्यातून परतताना तीच मिळेल असं धरू नका. परतीची गाडी जातानाच ठरवा आणि चालकाचा नंबर घ्या.

सावधान: "तो पीत नाही ना, मग तोच चालवेल" असं म्हणून न पिणाऱ्या मित्राला गृहीत धरू नका. तो तुम्हाला भेटायला आला आहे.

## टप्पा ६: दोन दिवसांची मांडणी

पहिला दिवस माणसांचा ठेवा. पोचल्यावर हॉटेलात सामान टाका, अंघोळ करा, तासभर आडवे व्हा. मग मित्राकडे जा. प्रवासाचा शीण घेऊन गेलं की तासाभरात जांभया सुरू होतात आणि समोरचा माणूस "दमला असशील, जा आता" म्हणतो. दुपारचं जेवण ठरलं असेल तर संध्याकाळ मोकळी सोडा. जुन्या गप्पांना घड्याळ नसतं, आणि मोकळी संध्याकाळ असली की गोदाकाठच्या सोमेश्वरपर्यंत किंवा गंगेवर चक्कर आपसूक होते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊ" म्हटलं तर गोंधळू नका.

रिकाम्या हाताने जाऊ नका, पण वाइनची बाटलीही नेऊ नका, जोवर पहिल्या फोनवर ती चालते असं कळलेलं नाही. मुंबईतून गेलेल्या माणसाला मुंबईचं काहीतरी द्या. मासे खाणारं घर असेल तर चांगले सोडे किंवा सुकट, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून. शाकाहारी घर असेल तर माहीमचा हलवा. जुने फोटो असतील तर मोबाइलवर न दाखवता छापून न्या. ते हातोहात फिरतात आणि बोलणं सुरू होतं.

दुसरा दिवस मळ्याचा, आणि त्या दिवशी यायची इच्छा असलेल्या मित्राला बरोबर घ्या. न पिणाऱ्यालाही. वायनरीची फेरी, बाग, जेवण हे सगळं त्यालाही तितकंच आहे.

इथे एक नाशिकची खास चूक सांगायला हवी. सकाळी दहाला झणझणीत मिसळ आणि साडेअकराला टेस्टिंग. साधनाची चुलीवरची मिसळ असो की दुसरी कुठली, ती खाल्लीच पाहिजे. पण त्या तर्रीनंतर जीभ दोन तास तरी वाइनची चव सांगू शकत नाही. मिसळ आठला खा, किंवा पहिल्या दिवशी खा. टेस्टिंगआधी साधं काहीतरी पोटात असावं. उपाशीपोटी तर मुळीच नको.

## टप्पा ७: टेस्टिंगच्या टेबलावर

निघण्याआधी प्रत्येकाने वयाचा पुरावा घेतला आहे का बघा. महाराष्ट्रात वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. उग्र अत्तर, पान, तंबाखू, पुदिन्याची गोळी या सगळ्यांनी वास मारला जातो, आणि वाइनची निम्मी चव नाकातच असते.

क्रम असा असतो: आधी फसफसणारी, मग पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, सगळ्यांत शेवटी गोड. हा क्रम मोडू नका. लाल आधी घेतली तर तिच्या तुरटपणापुढे पांढरी पाण्यासारखी वाटते.

१. ग्लास दांड्याला धरा. वाटीला धरला तर हाताच्या उबेने गार वाइन कोमट होते.

२. आधी नुसता वास घ्या. मग ग्लास हलकेच गोल फिरवून पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा काय वेगळं जाणवलं ते शेजारच्या मित्राला सांगा. पेरू, लिंबाची साल, कैरी, मिरी, जे आठवेल ते. सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये पेरू किंवा हिरवी मिरची, शिराझ या लाल वाइनमध्ये काळी मिरी अनेकांना सापडते. सापडली नाही तरी काही बिघडत नाही.

३. छोटा घोट तोंडात थोडा घोळवा. गिळायलाच हवी असं नाही. थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, नसेल तर मागा. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, जाणकार तसंच करतात.

४. दोन वाइनच्या मध्ये पाणी प्या. दिवसभरात बाटलीभर तरी.

५. आवडलेल्या वाइनचं नाव आणि साल तिथल्या तिथे लिहून ठेवा. चौथ्या ग्लासानंतर पहिली कोणती होती ते आठवत नाही.

वाइन न घेणाऱ्याला "एक घोट तरी घे" असा आग्रह करू नका. मराठी माणसाला पंगतीत आग्रह करायची सवय आहे, ती इथे आवरा.

सावधान: बागेतले घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झाली ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि ते कोणाचं तरी पीक आहे. वाइनची द्राक्षं तशीही बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. खायला द्राक्षं हवी असतील तर थॉमसन किंवा सोनाका पेटीने घ्या, आणि मित्र बागायतदार असेल तर त्याच्याकडूनच, पैसे देऊन.

## टप्पा ८: बाटल्या घेणं आणि घरी आणणं

मुंबईच्या दुकानांत सहज मिळणारी वाइन नाशिकहून वाहून आणण्यात अर्थ नाही. फक्त वायनरीतच मिळणाऱ्या बाटल्या विचारा. चाखून आवडलेलीच घ्या, आणि बिल बाटल्यांबरोबर ठेवा.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बाटल्या ठेवून जेवायला जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मार्चच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते. म्हणून खरेदी सगळ्यांत शेवटी, निघताना करा. बाटल्या डिकीत न ठेवता सीटच्या पायाशी, कपड्यांत गुंडाळून ठेवा, गाडीतला एसी तिथपर्यंत पोचतो.

घरी आल्यावर बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. मुंबईच्या दमटपणात फ्रिजचा खालचा कप्पा हीच बहुतेकांकडची एकमेव गार जागा. पांढरी आणि रोझे वर्षभरात संपवा. उघडलेली पांढरी बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, फसफसणारी फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत.

## टप्पा ९: परतीचा रविवार

रस्त्याने परतणार असाल तर दुपारी दोनच्या आत नाशिक सोडा. चारनंतर निघालेला माणूस भिवंडी ते ठाणे यातच संध्याकाळ घालवतो. इगतपुरीची वायनरी परतीच्या वाटेवर ठेवली असेल तर सकाळी नऊलाच निघा, आणि चालवणाऱ्याने तिथे एक थेंबही घ्यायचा नाही. निघण्याआधी मित्राच्या आईवडिलांना नमस्कार करायला दहा मिनिटं राखून ठेवा. घाईत दारातूनच निरोप घेतला जातो आणि काकूंनी डब्यात भरून ठेवलेला कोंडाजीचा चिवडा ओट्यावरच राहतो.

गाडीचा, जेवणाचा, टेस्टिंगचा हिशोब त्याच रात्री मांडून ज्याचे त्याला पैसे पाठवा. मित्राने "राहू दे रे" म्हटलं तरी पाठवा.